कोपीला कडी नसते

उसाची तोड चालू झाली की आमच्या शेताच्या कडेला पाच-सहा कोप्या उभ्या राहतात. बांबू वाकवायचे, वर पाचट, त्यावर प्लास्टिकचा कागद, झाली कोपी. जुन्नरच्या उसात बिबट्या असतो हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. अंधार पडला की आई आम्हाला आत घेऊन कडी लावायची.

लहानपणी एकदा विचारलं, "आप्पा, त्यांची पोरं कुठं झोपतात?"

"कोपीत."

विषय संपला. घराला दार नाही म्हटलं असतं तर सगळे दचकले असते. कोपीला दार नाही, यात कुणाला काही वाटलं नाही. कोपी अशीच असते ना! तो शब्द आमच्या सोयीचा होता, असं मला आता वाटतं.

"फिरतीची माणसं, त्यांना काय पक्कं लागतं?" असंही म्हणतात. पण लेण्याद्रीला जाऊन बघा. तिथले भिक्खूही फिरतीचेच, पावसाळ्यापुरते थांबणारे. त्यांच्यासाठी लोकांनी डोंगर कोरला. जुन्नरच्या शिलालेखांत 'लेण' आहे, पाण्याची 'पोढी' आहे, शिवनेरीवर तर चिट नावाच्या यवनानं जेवणाचा मंडप दान दिल्याची नोंद आहे. फिरणाऱ्याला दगड मिळू शकतो, फक्त देणाऱ्याला तो माणूस मोठा वाटावा लागतो.

भिंत असली म्हणजे जीव वाचतोच असंही नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगावातल्या माळीणवर डोंगर कोसळला, दीडशेहून जास्त माणसं गेली. ती सगळी घरंच होती. पण घरं होती म्हणून पुढं आमडेला नवं गाव बांधलं गेलं. आमच्या शेतात एका वर्षी कोपी जळाली. पंचनामा कसला, दुसऱ्या दिवशी शेजारी नवी बांधली त्यांनी, आणि कोयते घेऊन फडात गेले. म्हणजे फरक भिंतीचा कमी आणि नोंदीचा जास्त.

यंदा मी धीर करून एका मावशींना म्हटलं, "रात्री पोरांना घेऊन आमच्या पडवीत झोपा."

त्या हसल्या. "पडवी तुमची हाय, भाऊ. उद्या उठा म्हणाल. कोपीतनं कोण उठवतंय?"

मला उत्तर सुचलं नाही. कोप्यांपाशी एक बल्ब तेवढा ओढून दिला. थ्री-फेज रात्रीची असते तेव्हा तो उजेड देतो.