निष्ठा कोणाशी?

आमच्या मुलाने यंदा दुसरी नोकरी सोडली. कारण विचारले तर म्हणाला, "बाबा, पगार ठीक होता. पण साहेब माझी चूक चारचौघांत दाखवायचा आणि माझे काम स्वतःच्या नावावर खपवायचा." "आम्ही एकाच कंपनीत बावीस वर्षे काढली!" हे माझ्या अगदी ओठांवर आले होते, पण गप्प बसलो. खरे सांगायचे तर सुरुवातीला मला तिथे धरून ठेवले ते वर्क परमिटने आणि पुढे घराच्या मॉर्गेजने. त्यालाच आपण निष्ठा म्हणत आलो का?

अशा वेळी मला आपल्या लंडनमधल्याच ग्रनविकची हकीकत आठवते. विल्सडेन भागातला फोटो धुण्याचा हा कारखाना. कामगारांत बहुसंख्य आशियाई स्त्रिया, कित्येकजणी पूर्व आफ्रिकेतून आलेल्या. शौचालयाला जायलाही परवानगी मागावी लागते, अशी त्यांची तक्रार होती. ऑगस्ट १९७६ मध्ये, त्या प्रसिद्ध कडक उन्हाळ्यात, काम हळू केले म्हणून देवशी भुडिया या तरुणाला काढून टाकले. त्याच दिवशी, घरी निघताना ओव्हरटाइमचा हुकूम झाला तेव्हा जयाबेन देसाई आपल्या मुलासह बाहेर पडल्या.

या लोकांना नोकरीची गरज नव्हती का? चांगलीच होती! तरीही संघटनेच्या भत्त्यावर, पावसाथंडीत, ते जुलै १९७८ पर्यंत दारावर उभे राहिले. संप अखेर फसला, नोकऱ्या परत मिळाल्या नाहीत. पण ज्यांची चिकाटी दोन वर्षे टिकते त्यांना चंचल कसे म्हणावे? मालकाला जे पगार देऊन मिळाले नाही, ते साडी नेसलेल्या, ठेंगण्या जयाबेनना मिळाले. त्यांच्याजवळ देण्यासारखे काहीच नव्हते. त्या त्याच रांगेत उभ्या होत्या, एवढेच.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तर १९१० साली वसवलेल्या किर्लोस्करवाडीत शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीचे पहारेकरी नेमले होते. विश्वास आधी, पारख मागाहून! अर्थात विश्वास टाकला की प्रत्येक तरुण टिकतोच असेही नाही. लंडनची घरभाडी पाहता, चार पौंड जास्त मिळाले तर जाणारा जाणारच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आता माझेच सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली एक मुलगी होती, विद्यापीठातून नुकतीच आलेली. तिच्या अहवालातली चूक मी भर बैठकीत वाचून दाखवली. हेतू शिकवण्याचाच होता, अशी मी स्वतःची समजूत घातली. तीन महिन्यांत तिने राजीनामा दिला. त्या रात्री जेवताना मी सौ.ला म्हणालो होतो, "या पिढीला चिकाटीच नाही." मुलगा तेव्हा शाळेत होता. समोर बसून ऐकत होता.