हाताला झालेली सवय

जुनी गाडी रोज चालवणाऱ्याला तिचं स्टीअरिंग ढिलं झालंय हे सगळ्यात शेवटी कळतं. झीज फार सावकाश होते. आधी स्टीअरिंग बोटभर रिकामं फिरतं, पुढे दोन बोटं. हात तेवढी भर आपसूक घालत जातो आणि गाडी सरळच चाललीये असं वाटत राहतं. मग एखादा पाहुणा गाडी हातात घेतो आणि गल्लीच्या तोंडाशीच घाबरून थांबतो. जीव लावलेल्या वस्तूचे दोष आपण नकळत अंगावर घेतो, आणि अंगावर घेतलेला दोष दिसेनासा होतो. म्हणून जुन्या गाडीच्या स्टीअरिंगबद्दल मालकाचं मत मी शेवटी विचारात घेतो, स्वतःचंसुद्धा.

आमच्याकडे साठच्या दशकातली फियाट अकराशे आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. हिचीच पुढची पिढी म्हणजे पद्मिनी, जी काळी-पिवळी टॅक्सी होऊन मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ पर्यंत टिकली. या गाड्यांत स्टीअरिंग फिरवलं की खालच्या बॉक्समधून ड्रॉप आर्म डावी-उजवीकडे झुलतो, तो मधला रॉड ओढतो, पलीकडच्या बाजूला आयडलर आर्म त्या रॉडला तोलून धरतो आणि दोन बाजूंचे टाय रॉड चाकं वळवतात. जवळजवळ प्रत्येक सांध्यात एक गोळी आणि तिची वाटी. प्रत्येक ठिकाणी केसभरच झिजतं, पण ते सगळे केस एकत्र होऊन वर आपल्या हातात येतात. एकच गुन्हेगार शोधायला गेलं तर इथे तो बहुधा सापडत नाही.

सोपा उपाय मात्र सगळ्यांना ठाऊक असतो. बॉक्सच्या झाकणावर ॲडजस्टिंगचा स्क्रू असतो, तो अर्धा आटा आवळला की स्टीअरिंग लगेच नव्यासारखं घट्ट लागतं. गिऱ्हाईक खूश होऊन जातं. मला हा उपाय धोक्याचा वाटतो. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे बॉक्स मधल्या जागी जास्त झिजतो. तिथला प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला तर स्टीअरिंग दोन्ही टोकांना जड होतं, वळणानंतर आपणहून परत फिरत नाही. आणि खाली झिजलेला टाय रॉड एंड झिजलेलाच राहतो, फक्त आता तो कळत नाही.

खरी तपासणी घरीच होते, पण तिला दोन माणसं लागतात. आमच्याकडे आई स्टीअरिंगवर बसते. पुढची चाकं रॅम्पवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड लावलेले, इंजिन बंद. (नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही, कधीही शिरू नये.) "आई, दोन बोटांनी थोडं डावीकडे. आता उजवीकडे. चाकं वळू द्यायची नाहीत." "एवढंच?" "एवढंच, पण करत राहा." मी खाली उताणा पडून एकेक सांधा मुठीत धरतो. सांध्याचे दोन्ही भाग एकदम हलले तर तो चांगला. एक आधी हलला आणि दुसरा मागून आला, तर तळहाताला बारीकशी टिचकी लागते. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही, सगळं ग्रीस आणि धुळीखाली असतं. आमच्या गाडीत अशी टिचकी लागली ती आयडलर आर्मच्या बुशमध्ये. तो आर्म स्वतः काही ओढत नाही, नुसता आधार देतो, त्यामुळे त्याच्यावर संशय घ्यायचं कुणाच्या मनात येत नाही.

सांधा सोडवायचा म्हणजे निमुळती पिन बाहेर काढायची, आणि वर्षानुवर्षं बसलेली पिन सहज येत नाही. पुलर नसेल तर पिन ज्या भोकात बसते त्या डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धरायचा आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याने ठोकायचं. पिन अचानक सुटते. आट्यांच्या टोकावर मात्र ठोकू नये, आटे बसतात आणि काम दुप्पट होतं. टाय रॉड एंड काढताना किती फेरे उलगडले ते मोजून खडूने लिहून ठेवावेत, कारण रॉडची लांबी बदलली की चाकांचा टो-इन, म्हणजे ती पुढून किंचित आत वळलेली असणं, बदलतो आणि टायर आतून किंवा बाहेरून खाल्लं जातं. ही वळण्याची भूमिती मोटारीपेक्षा जुनी आहे. आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळलं पाहिजे, ही युक्ती म्युनिकच्या लांकेन्स्पर्गरने घोडागाडीसाठी काढली आणि ॲकरमनने १८१८ साली इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं.

जुन्या गाड्यांच्या जगात काटकसर हा मोठा गुण आहे. डायनॅमो पुन्हा गुंडाळावा, कार्ब्युरेटर धुऊन चालवावा, दाराचं पत्र्याचं काम हाताने करावं, मला हे सगळं मनापासून आवडतं. पण वाकलेला टाय रॉड तापवून सरळ करणं, त्याला वेल्डिंग करणं, झिजलेल्या वाटीत पत्र्याचा तुकडा कोंबून प्ले घालवणं, हे काटकसरीत बसत नाही. ब्रेक गेला तर हँडब्रेक असतो. इंजिन बंद पडलं तर गाडी कडेला लागते. रॉड निखळला तर हातात फक्त रिकामं फिरणारं स्टीअरिंग उरतं. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना विंटेज म्हणून नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळू लागली, त्याचा मला आनंद आहे. पण समोरून स्कूटरवर येणाऱ्याने आपली हौस पत्करलेली नसते.

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर येत्या रविवारी ती दुसऱ्या कुणाला तरी मोकळ्या रस्त्यावर सावकाश चालवायला द्या आणि तो काय म्हणतो ते वाद न घालता ऐका. मग कुणालातरी स्टीअरिंगवर बसवून खाली जा. काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या. आणि सांध्याच्या नटमधली स्प्लिट पिन दर वेळी नवीच घाला. काही रुपयांना मिळते, जुनी सरळ करून परत वापरू नका.