अर्धा तास अज्ञानी व्हावे

परदुःखाची जाणीव ऐकून होते की भोगून होते, हा प्रश्न परमार्थात जुनाच आहे. कीर्तनात भूतदयेचे माहात्म्य ऐकून आपण माना डोलावतो, आणि मंडपाबाहेर आलो की चपला शोधता शोधता शेजारच्यावर खेकसतो. ऐकलेले ज्ञान आणि अंगी बाणलेले ज्ञान यांत एवढे अंतर आहे. दया सांगून येत नसेल तर ती कशाने येते? या प्रश्नाचा विचार आज आम्ही एका लहानशा जागी, शाळेच्या वर्गात, करणार आहोत.

संत सोपानकाकांच्या पालखीबरोबर सासवडहून चालणाऱ्या वारकऱ्यांना सोमेश्वरनगर ठाऊक आहे. निंबूत सोडले की कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस दिसू लागतो, आणि करंज्याच्या सोमेश्वराचे नाव घेतलेल्या सहकारी साखर कारखान्याचा मुक्काम येतो. आषाढात आपण जातो तेव्हा धुराडे थंड असते. दिवाळीच्या सुमारास ते पेटते, आणि मग या मुलखात दुसरी वारी येते. ती पोटाची वारी. बीड, अहिल्यानगर, जळगाव अशा जिल्ह्यांतून माणसे कोयता, भांडीकुंडी आणि पोरेबाळे घेऊन साखरपट्ट्यात उतरतात, कोप्या घालतात आणि पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने राहतात. त्यांतले पुष्कळजण मराठीच बोलतात. पण काही तांड्यांवरून येतात, त्यांची घरची बोली गोरमाटी. काही भिल्ल, त्यांची भिली.

आता समजा, अशा कोपीतली एक सहा-सात वर्षांची पोर गावच्या शाळेत येऊन बसली. गुरुजींनी विचारले, "घरी कोण कोण असतं गं?" ती म्हणाली, "याडी." वर्ग खो खो हसला. गोरमाटीत याडी म्हणजे आई. बारामती-इंदापूरकडे याडी म्हणजे खुळी. पोरीने सर्वांत पवित्र शब्द उच्चारला आणि त्याचेच हसे झाले. ती पुन्हा तोंड उघडील काय? चार दिवस ती गप्प बसते, पाचव्या दिवशी गुरुजी म्हणतात, "पोर मठ्ठ आहे." गुरुजी दुष्ट नाहीत. त्यांनी पाहिले ते खरेच पाहिले, कारण पोर बोलत नव्हती हे खरे. पण न बोलण्याचा अर्थ त्यांनी आपल्या पदरचा लावला. हीच पोर संध्याकाळी बापाने बांधलेल्या मोळ्या बिनचूक मोजते, धाकट्या भावाला सांभाळते, चूल पेटवते. तिला बुद्धी आहे. फक्त त्या बुद्धीचे दार ज्या भाषेत उघडते ती भाषा वर्गात नाही.

ही गोष्ट गुरुजींना कशी पटावी? व्याख्यानाने पटत नाही. शिक्षकांना तयार करणाऱ्यांनी यावर एक साधी युक्ती काढली आहे, ती अनेक देशांत चालते. शिक्षकांनाच विद्यार्थ्यांच्या जागी बसवावयाचे आणि त्यांना अजिबात न येणाऱ्या भाषेत एक धडा द्यावयाचा. अर्धा तास, मध्ये एकही ओळखीचा शब्द नाही.

हा प्रयोग आपल्याकडे करणे अवघड नाही. माउलींच्या पालखीचे अश्व बेळगाव भागातल्या अंकलीहून येतात. कर्नाटकातून दिंड्या येतात. त्यांतल्या कोणा कानडी भाविकाला फळ्यापाशी उभे करावे. तो म्हणेल, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु." दोनदा म्हणेल, आणि एकदम समोरच्या गुरुजींकडे बोट करून विचारील, "एरडु, मूरु, एष्टु?" गुरुजी पदवीधर. दोन आणि तीन किती होतात हे त्यांना पाळण्यापासून ठाऊक. पण जीभ हलत नाही. प्रश्न विचारला आहे की नुसते सांगितले आहे, हेही कळत नाही. शेजारचा हसला तर कान तापतात. दुसऱ्याने "ऐदु" म्हटले आणि शाबासकी मिळवली, तर आपण त्याच्याहून कमी आहोत असे वाटू लागते. दहा मिनिटांत मन धड्यातून उठते आणि खिडकीबाहेर जाते. इतके झाले की मग कोणी काही सांगावे लागत नाही. गुरुजींना ती कोपीतली पोर आपोआप आठवते.

येथे कोणी म्हणेल, हे तर सोंग झाले. डोळ्यांवर फडके बांधून घरभर फिरणारा काही आंधळा होत नाही. फडके केव्हा सुटणार हे त्याला माहीत असते. ही शंका खोटी नाही. गुरुजींना घड्याळ दिसते, पोरीला दिसत नाही. गुरुजी घरी जाऊन मराठीत चहा मागतील. पोरीला उद्याही त्याच वर्गात बसायचे आहे. म्हणून अर्ध्या तासाने तिचे दुःख कळले, असे कोणी म्हणू नये. मग त्याने होते काय? आमच्या मते एकच होते, पण ते थोडके नाही. "मठ्ठ" हा शब्द तोंडातून निघताना अडखळतो. निवाडा करण्याची घाई सुटते. दया अंगी येण्याआधी अहंकाराला धक्का बसावा लागतो, आणि तेवढे काम हा धडा करतो. उरलेले काम नंतरचे: पोरीच्या बोलीतले शे-पन्नास शब्द शिकणे, एखाद दिवस तिच्या आईलाच वर्गात बोलावून चार शब्द शिकवायला सांगणे. ते न करता नुसता धडा घेऊन डोळे पुसले, तर ते सोंगच.

दुसरी शंका अशी की, पोरीला शेवटी मराठी शिकावीच लागणार, मग तिच्या बोलीचे लाड कशाला? मराठी तिने शिकावीच. तिचा तो हक्क आहे. पण माणूस ज्ञात पायरीवरून अज्ञात पायरीवर चढतो. पायरीच काढून घेतली तर चढणार कोठून? म्हणूनच 1956 साली घटनेत 350अ हे कलम घालून, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यांना सांगितले गेले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीस काम आरंभिले, पुढे कोसबाडला नेले. आदिवासी पोरे शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच अंगणात आणि गुरांच्या कुरणात नेली. जाणत्याने नेणत्याकडे चालत जावे, ही ती रीत.

वारकऱ्याला ही रीत नवी नाही. माउलींना संस्कृत येत होते. गीतेचा अर्थ संस्कृत जाणणाऱ्यांतच ठेवता आला असता. शके 1212 मध्ये नेवाशास त्यांनी तो मराठीत आणला, कारण ऐकणाऱ्यांची भाषा ती होती. नामदेवराय पंजाबात गेले तेव्हा त्यांनी तिकडच्या लोकांना आधी मराठी शिका असे म्हटले नाही. तिकडच्या लोकांना कळेल अशा वाणीत ते गायिले, आणि त्यांची 61 पदे गुरुग्रंथसाहिबात आजही वाचली जातात. आणि ज्याच्यासाठी आपण इतके चालतो, तो पांडुरंग आपल्या संतांनी कानडा म्हणूनच ओळखला.

वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. थोर लहानाच्या पायावर डोके ठेवतो, तेव्हा वय, जात, विद्या कोणी विचारीत नाही. परक्या भाषेच्या धड्याला बसणे हा त्याच नमस्काराचा एक प्रकार आहे: येथे विद्येने वाकावयाचे असते. सोमेश्वरनगरच्या वाटेवर सोपानकाकांच्या पालखीत चालताना आपण त्या मातीला नमस्कार करतोच. ज्यांची गावे त्या वाटेवर आहेत त्यांनी कार्तिकानंतर कोप्यांकडेही एक फेरी मारावी. पोरांना काही शिकवायला नव्हे. आधी त्यांच्याकडून दहा शब्द शिकायला. उच्चार चुकेल, पोरे हसतील. हसू द्यावीत. पहिला शब्द कोणता घ्यावा असे कोणी विचारील, तर आम्ही म्हणू, याडी हाच घ्यावा, आणि तो माउली या शब्दाइतक्याच आदराने म्हणावा.

रामकृष्णहरी.