मुलाचे ‘नको’ आणि गणिताची शिकवणी

शाळेतून दमून आलेल्या मुलाला संध्याकाळी पुन्हा गणिताच्या शिकवणीस धाडावे, तर ते कुरकुरते. कधी पोट दुखते, कधी वही सापडत नाही. आई कळवळते, वडील डोळे वटारतात. सज्जनहो, प्रश्न असा की, हितासाठी का होईना, लेकराला त्याच्या मनाविरुद्ध कष्टांत घालण्याचा अधिकार आम्हां वडीलधाऱ्यांस आहे काय? असल्यास कोठवर?

पूर्वपक्ष म्हणतो, मन नाही तेथे विद्या उतरत नाही, द्या सोडून! ऐकायला गोड आहे. पण कठोपनिषदात श्रेय आणि प्रेय असे दोन मार्ग सांगितले आहेत. पिकल्या केसांची माणसेही प्रेयाकडे वळतात, तेथे नऊ वर्षांच्या पोराने आपले श्रेय ओळखावे ही अपेक्षा कशी धरायची? म्हणून आरंभीची निवड आईबापांची, हे आम्हांस मान्य आहे. परंतु अधिकार आला की पाठोपाठ कर्तव्य आले. ते कर्तव्य म्हणजे मुलाचे ‘नको’ नीट ऐकणे.

या ‘नको’चे अर्थ तीन. पहिला, ‘दमलो.’ त्यास आधी खाऊ द्या, घटकाभर खेळू द्या.

दुसरा, ‘समजत नाही.’ ‘पंच्याण्णव’ ऐकून ५९ लिहिणारे मूल आळशी नव्हे. मराठीत एकक आधी बोलतात, अंकांत दशक आधी लिहितात. तेथे ते अडखळते. पाव हिस्सा तिसऱ्या हिश्शाहून मोठा, कारण चार तिनाहून मोठे, असेही ते म्हणते. रागावता कशाला? दोन सारख्या भाकरी घ्या. एकीचे तीन वाटे करा, दुसरीचे चार. डोळ्यांनी पाहिले की तंटा मिटला!

तिसरा अर्थ जड आहे: ‘लाज वाटते.’ ‘शेजारचा मुलगा बघ’ हे वाक्य रोज ऐकणारे मूल ‘हे उदाहरण येत नाही’ असे म्हणत नाही, ‘मीच ढ आहे’ असे म्हणते. उदाहरण उद्या सुटेल, पण ही गाठ जन्मभर सुटत नाही.

भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धान्तशिरोमणि रचला. त्यातील ‘लीलावती’त भुंगे आहेत, मोर आणि साप आहे, वाऱ्याने मोडलेला बांबू आहे, आणि प्रश्न विचारताना मुलीला प्रेमाने हाक आहे. एवढा थोर गणिती, पण शिकवताना दटावणी नाही! अलीकडचा दाखला जपानचा. तोरू कुमोन हे गणिताचे शिक्षक. १९५४ साली त्यांनी दुसरीतल्या आपल्या मुलासाठी स्वतः उदाहरणे लिहून काढली, आणि रोज थोडी थोडी सोडवून घेतली. ‘रोज’ आणि ‘थोडी’ हीच त्यातली किल्ली.

पेढ्याचे आमिष दाखवावे काय? एखादे वेळी चालेल. रोजचे झाले की मूल पेढ्याचा हिशेब शिकते, गणिताचा नव्हे. त्यापेक्षा म्हणावे, “बाळ, काल जेथे अडलास ते आज तुझे तू सोडवलेस.” ही स्तुती नव्हे, साक्ष आहे. आपल्याच हाताने गाठ सुटल्याचा आनंद एकदा चाखला, की पाय आपोआप तिकडे वळू लागतात.

आणि मर्यादा? महिनोन्‌महिने हे करूनही मूल झोपेत दचकत असेल, वही पाहून रडत असेल, तर शिकवणीची रीत बदला, शिक्षक बदला, प्रसंगी थांबा. शिकवणी मुलासाठी आहे, मूल शिकवणीसाठी नाही. हात धरून चालवावे, फरफटत नेऊ नये. इत्यलम्.