सोडणं आणि सोपवणं

आजचं वाचन महाभारताचं १७वं पर्व, महाप्रस्थानिक. इंद्र रथ घेऊन आलाय आणि युधिष्ठिर अडून बसलाय: सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून मी येणार नाही. तो त्या कुत्र्याला चक्क ‘भक्त’ म्हणतो!

सध्या हे जास्तच भिडतंय. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी माझी ७१ वर्षांची आत्या कुत्रा आणतेय. पिल्लू नाही, ९ वर्षांचा, शांत, गावठी. पिल्लू १२-१३ वर्षं सांभाळायचं, शिवाय दिवसभर त्याच्यामागे धावायचं. याला सकाळ-संध्याकाळ सावकाश फेरी पुरते. अशा म्हाताऱ्यांना सहसा कुणी नेतही नाही.

आतेभाऊ म्हणतो, "आई, तुला काही झालं तर?" प्रश्न रास्त आहे, नुसत्या भूतदयेने तो सुटत नाही.

पण युधिष्ठिरही तेव्हा म्हाताराच होता ना? निघण्याआधी त्याने परीक्षिताला गादीवर बसवलं, राज्यावर लक्ष ठेवायला युयुत्सूला सांगितलं. म्हणजे राज्य सोडलं नाही, सोपवलं. मला वाटतं, आत्याने कुत्रा आणावा की नाही यापेक्षा तो कुणाला सोपवायचा हे आधी ठरावं.

ते ठरलंय. तिच्यानंतर तो माझ्याकडे. रविवारची फेरी आतापासूनच माझी, म्हणजे त्याला माझा वास ओळखीचा होईल.