जुना फोन चालत असतां नवा घ्यावा काय ?

एका खेड्यांतील मंडळीच्या शिक्षकबंधूंनीं आम्हांस पत्रद्वारें प्रश्न केला आहे. त्यांजजवळ सॅमसंग कंपनीचा गॅलेक्सी ए५४ हा फोन आहे. तो २०२३ सालीं बाजारांत आला. आतां त्याच कंपनीचा, २०२५ च्या मार्चमध्यें निघालेला, गॅलेक्सी ए५६ घ्यावा असें त्यांच्या मनांत आहे. पैसे हप्त्यानें देतां येतील. तर ख्रिस्ती मनुष्यानें असें करणें योग्य कीं अयोग्य ?

कित्येकांस हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. आम्हांस तसा वाटत नाहीं. नव्या फोनची किंमत तो निघाला तेव्हां कमींत कमी ४१,९९९ रुपये होती, आणि आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं एवढी रक्कम वर्षांतून एकदां तरी एकत्र दिसते कीं नाहीं कोण जाणे.

प्रथम वस्तूच पाहूं. दोहोंचा मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा, दोहोंची बॅटरी ५,००० एमएएचची. नव्याचा पडदा ६.४ इंचांऐवजीं ६.७ इंचांचा, कड प्लास्टिकऐवजीं धातूची, आणि चार्जिंग २५ वॉटऐवजीं ४५ वॉटनें होतें. जुन्या फोनास पांच वर्षें, म्हणजे २०२८ पर्यंत, सुरक्षेचे अपडेट देण्याचें वचन कंपनीनें दिलेलें आहे. तेव्हां तो फोन अद्यापि म्हातारा झालेला नाहीं. शिक्षकबंधूंची मुख्य तक्रार अशी कीं, सायंकाळ होण्यापूर्वींच चार्जिंग संपतें. परंतु लिथियमची बॅटरी वारंवार भरल्यानें क्षीण होतेच, आणि ती नव्या फोनच्या किमतीच्या लहानशा अंशांत बदलून मिळते. बैलाचा नाल झिजला म्हणून कोणी बैल विकीत नाहीं.

मग इच्छा उत्पन्न झाली कोठून ? पत्रांत तेंही प्रांजळपणें लिहिलें आहे : शाळेंतील एका सोबत्यानें नवा फोन आणून दाखविला. त्या दिवसापर्यंत जुना बरा होता. यहोशवाच्या ७ व्या अध्यायांत आखान आपला अपराध कबूल करितो तेव्हां तो क्रम सांगतो : पाहिलें, लोभ धरिला, घेतलें, आणि तंबूंत पुरलें. फोन विकत घेणें ही आखानाची चोरी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. प्रत्येक नव्या वस्तूवर शाप उच्चारणारे उपदेशक आम्हांस आवडत नाहींत. परंतु पाहण्यापासून घेण्यापर्यंतची ती वाट प्रत्येकाच्या मनांत आहे, आणि दहावी आज्ञा हातास नव्हे, मनासच घातलेली आहे.

हप्त्याविषयींही थोडें लिहिलें पाहिजे. दुकानदार ‘बिनव्याजी’ म्हणतो. पण २०१३ सालीं रिझर्व्ह बँकेनेंच बँकांस बजाविलें कीं, शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वांत नाहीं. तें कोणीतरी भरीत असतो, बहुधा किमतींत दडलेलें. बुरूज बांधणारानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, हें प्रभूनें सांगितलें तें अशाच मनुष्यास.

कोणी म्हणेल, हे पैसे गरिबांस द्यावे. हा युक्तिवाद आम्ही जपून करितों, कारण बेथानींत सुगंधी तेल ओतलें गेलें तेव्हां तो यहूदा इस्कर्योतानें केला होता. तथापि एक शेजारी असा आहे कीं जो आपणांस दिसत नाहीं. बॅटरींत लागणारें कोबाल्ट जगाला अर्ध्याहून अधिक काँगो देशाच्या खाणींतून मिळतें, आणि तेथील हातांनीं खणलेल्या खड्ड्यांत लहान मुलेंही राबलेलीं आहेत. २०२२ या एका वर्षांत जगांत ६ कोटी २० लक्ष टन विद्युत् उपकरणांचा कचरा झाला. त्याचा चौथा हिस्साही रीतसर गोळा होऊन पुन्हा उपयोगांत आला नाहीं. जुना फोन दिल्यास तो दुसऱ्याच्या हातीं जातो, फुकट जात नाहीं, हें खरें. पण नवा घडविण्याचा भार कोणावर पडतो हेंही तितकेंच खरें.

उलट बाजूही आहे. सुरक्षेचे अपडेट थांबलेल्या फोनवर बँकेचा व्यवहार करीत राहणें म्हणजे दार उघडें टाकून निजणें होय. एखाद्या परिचारिकेचें किंवा आशाताईचें काम फोन अडल्यानें खोळंबत असेल तर तिनें नवा घ्यावा, संकोच करूं नये. फुटक्या पडद्याचा फोन मिरवून साधेपणा दाखविणें हाही एक डामडौलच आहे.

तेव्हां शिक्षकबंधूंस आमचें म्हणणें असें : तूर्त बॅटरी बदलून घ्यावी, आणि २०२८ सालीं हा विषय पुन्हा काढावा. आम्हांस विचारण्यापूर्वीं त्यांनीं ही गोष्ट घरीं विचारली काय, हें पत्रावरून कळत नाहीं. विचारली नसल्यास आज सायंकाळीं विचारावी. घरांतील हिशेबाची वही ज्या बाईसाहेबांजवळ असेल त्यांस आमच्याहून अधिक ठाऊक असण्याचा संभव आहे.