शिस्तीला जागा लागते

पुण्याच्या सदाशिव पेठेत, नारायण पेठेत गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. एका हॉलमध्ये पार्टिशन घातलेली टेबलं, शेजारी चार्जिंगचा पॉइंट, समोरच्या फळीवर चिकटवलेला राज्यसेवेचा अभ्यासक्रम. बीड, परभणी, यवतमाळहून आलेली मुलं-मुली महिन्याची फी भरून तिथली एक खुर्ची धरतात. कॉट बेसिसवर घेतलेली खोली त्यांच्याकडे असते, पुस्तकं तिथेही उघडता येतात. तरीही सकाळचा चहा झाला की पावलं अभ्यासिकेकडे वळतात. खोलीवर कॉट समोरच असते आणि घटकाभर आडवं व्हावंसं वाटतं. इथे शेजारच्यानं पान उलटलं, की रेंगाळलेलं आपलं लक्षही पुन्हा पुस्तकावर येतं.

आपल्या मनाचा कमकुवतपणा या मुलांनी ओळखला आहे आणि त्यावर तोडही काढली आहे. स्वयंशिस्तीबद्दल मला जे म्हणायचं आहे ते हेच. शिस्त म्हणजे मनाला रोज नव्यानं जिंकणं, अशी आपली समजूत असते. त्यामुळे पहाटेचा गजर बंद करून पुन्हा झोपलेला माणूस स्वतःला दुबळा, आळशी ठरवतो आणि दुप्पट कडक संकल्प सोडतो. तोही आठवडाभरात मोडतो. रोजची लढाई रोज जिंकणं कुणालाच जमत नाही. ज्यांना शिस्त साधते त्यांच्यापुढे अशा लढाया मुळात कमी येतात. कधी बसायचं, कुठे बसायचं, कुणाबरोबर बसायचं, हे त्यांनी एकदाच ठरवून टाकलेलं असतं.

एकट्यानं केलेल्या प्रचंड कामाचं उदाहरण म्हणून महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाकडे बोट दाखवता येईल. पहिला खंड 1930 साली निघाला, तेव्हा ते पन्नाशीत होते. पाचवा खंड 1962 साली पूर्ण झाला, तेव्हा ब्याऐंशीचे. एकूण पानं साडेसहा हजारांच्या घरात. ही संख्या छाती दडपवणारी आहे, पण बत्तीस वर्षांवर वाटली तर दिवसाला जेमतेम अर्ध्या पानाचा हिशेब येतो. त्या अर्ध्या पानामागचं वाचन अफाट होतं, हे खरंच. पण मधल्या काळात काण्यांनी वकिली केली, मुंबई विद्यापीठाचं कुलगुरुपद सांभाळलं, राज्यसभेत काम केलं आणि पोटाचं जुनाट दुखणंही सोसलं. इतक्या व्यापांतून जे काम पुढे सरकतं ते उसळत्या उत्साहावर सरकत नाही. दिवसात त्याची वेळ राखलेली असावी लागते. शिवाय हाताशी मुंबईतली ग्रंथालयं होती, संशोधकांचा सहवास होता. त्यांचा व्यासंगही अगदी निराधार, एकाकी नव्हता.

हा आधार ज्यांच्या वाट्याला जन्मानं येत नाही, त्यांचं काय? कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाटी-पेन्सिल आली नव्हती अशी वेगवेगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहिली, हातानं स्वयंपाक करू लागली, श्रम करून शिकू लागली. त्या मुलांसाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. भाऊरावांनी मुलांना शिस्तीवर नुसती व्याख्यानं दिली असती, तर ती ऐकून मुलं परत गुरांमागे गेली असती. त्यांनी शिस्तीला छप्पर दिलं, ताट दिलं आणि बरोबर शिकणारे सोबती दिले.

सोबत्यांचा खरा उपयोग खाडा झाल्यावर कळतो. खाडा तर होणारच. ताप येतो, घरात लग्न निघतं, सोयाबीनच्या काढणीला गावी जावं लागतं. चार दिवस बुडाल्यानं नुकसान थोडं होतं. मोठं नुकसान होतं ते त्यानंतर, ‘आता एक तारखेपासून’ असं म्हणत महिना वाहून जातो तेव्हा. अशा वेळी शेजारच्या टेबलावरून कुणीतरी “कुठे होतास रे?” असं विचारतं आणि माणूस त्याच दिवशी पुस्तक उघडतो. म्हणूनच शिस्तीची पारख मी अखंडपणावरून करत नाही. तुटलेलं सूत किती लवकर जोडलं, यावरून करते.

यशाची हमी मात्र यातून मिळत नाही. स्पर्धा परीक्षेत जागा शेकड्यांत असतात आणि अर्ज लाखांत. मन लावून वर्षानुवर्षं अभ्यास केलेल्या बहुतेकांचं नाव अंतिम यादीत लागत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. म्हणून ध्येय पद मिळवण्याचं असलं, तरी रोजचा हिशेब आजच्या धड्याचाच ठेवावा. तेवढा आपल्या हातात असतो.

स्वतःला शिस्त लावायची असेल त्यानं शपथा घेणं सोडावं. घरातला एक कोपरा ठरवावा, एक तास राखावा आणि आपण बसलो की नाही हे विचारणारं एक माणूस शोधावं. ज्यांच्या घरात असा कोपराच नाही त्यांच्यासाठी गावात वाचनालय, वस्तीत अभ्यासिका, तालुक्याला वसतिगृह असणं ही आपल्या सर्वांची जबाबदारी आहे. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसांत वाढणाऱ्या मुलाला ‘तुला शिस्त नाही’ असं म्हणण्याआधी, त्याला बसायला जागा आहे का, हे आपण विचारायला हवं.